पेपरात नाव न येणारा माणूस

माझ्या मामेभावाला ओलांडून आजवर कोणी पुढे गेलेलं नाही. नावाजलेल्या क्लबांचे फॉरवर्ड नाहीत, दुधावर टपलेलं शेजारचं मांजर नाही आणि माझ्यासाठी आलेलं स्थळसुद्धा नाही. तो व्यावसायिक फुटबॉलपटू होता, बचावफळीतला. म्हणजे स्वतः गोल मारण्याची काळजी न करता दुसऱ्याला मारू न देणारा. हे काम तो मैदानावर नव्वद मिनिटं करायचा आणि उरलेला सगळा वेळ घरी.

त्याच्या खेळाचं मूळ घाटकोपरच्या आमच्या डोंगरात आहे. वस्तीच्या वरच्या अंगाला एवढीशी सपाट जागा. तिच्या एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला थेट उतार. बॉल सुटला की पायऱ्यांवरून टप्पे घेत खाली रिक्षा स्टँडपर्यंत जायचा, आणि ज्याच्या बाजूने सुटला त्यानेच तो आणायचा, हा नियम. "तीनदा आणला," दादा सांगायचा, "चौथ्यांदा ठरवलं, आता बॉल आपल्या मागे जाता कामा नये." त्या जागेवर धडाधड गोल मारणारे पुढे कुठे कुठे पांगले. दादा मात्र आधी एका ऑफिसच्या टीममध्ये, मग परराज्यांतल्या क्लबांत आणि शेवटी मुंबईच्याच एका मोठ्या क्लबात पोहोचला.

मी कणकवलीजवळच्या गावातून बी.कॉम. करायला मामांकडे आले, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं या माणसाला काहीतरी दुखणं आहे. तो गल्लीतून तिरका चालायचा. कुठेही गेला तरी दाराकडे तोंड करून बसायचा. भाजी घेताना भाजीवालीला ओरडायचा, "मावशी, मागे माणूस आहे, डावीकडे बघा!" आणि मागे खरंच कोणीतरी कोथिंबिरीची जुडी चाचपत असायचं. जमिनीवर पडलेली कुठलीही वस्तू त्याच्या लेखी धोका. मामींनी उंबऱ्याजवळ ठेवलेला लाल भोपळा त्याने पायाच्या एका टोल्यात समोरच्यांच्या ओट्यावर पोहोचवला होता. "बॉक्समध्ये काही ठेवू नकोस गं आई," वर हे. बॉक्स म्हणजे गोलसमोरचा चौकोन.

त्याला 'जरा लक्ष ठेव' असं चुकूनही सांगू नये. मुलुंडला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकूंनी तेवढंच म्हटलं. काकांना मधुमेह होता आणि समोर जिलेबीचं टेबल. दादा तासभर काकांपासून दोन हात अंतर ठेवून उभा. काका काकडीच्या कोशिंबिरीकडे वळल्यासारखं करून झटकन मागे फिरले, तर जिलेबीसमोर दादा आधीच हजर. शेवटी काका घामाघूम होऊन म्हणाले, "अरे बाबा, तू नक्की कोणाकडचा? मुलाकडचा की मुलीकडचा?"

"काकूंकडचा," दादा म्हणाला.

माझ्या परीक्षांच्या दिवसांत तो घरी असला की दारात खुर्ची टाकून बसायचा. मी दुसऱ्या वर्षाला असताना गावाकडचे एक नातेवाईक माझ्यासाठी स्थळ घेऊन आले.

"मुलगा बँकेत आहे," ते बाहेरूनच म्हणाले.

"झकास. बँक सोळा तारखेनंतर पण चालू असेल ना? हिचे पेपर सोळाला संपतात."

ते डावीकडून आत डोकावले, दादा डावीकडे. उजवीकडून डोकावले, दादा उजवीकडे. चहा त्यांनी बाहेर पायरीवर बसून घेतला आणि गेले. आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी पदवीधर नव्हतं. माझी पदवी त्या दारातून आत आली, कारण दादाने त्या वर्षांत तेवढी एकच गोष्ट आत सोडली.

मामांना मात्र हे कर्तृत्व दिसत नव्हतं. गिरणी बंद पडल्यावर मामांनी पंचवीस वर्षं एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी केली होती. मुलगा क्लबात लागला तेव्हा त्यांनी कात्रणं चिकटवायला जाड पुठ्ठ्याची वही आणली. ती अकरा वर्षं कोरी राहिली. पेपरात गोल मारणाऱ्यांची नावं छापतात, अडवणाऱ्यांची नाही. मॅचच्या दुसऱ्या दिवशी मामा शेवटचं पान बोटाने चाचपत जायचे आणि विचारायचे, "नाय इला? तू खेळतंस मां रे? काय नुसता पाणी वाटतंस?"

मग एका सकाळी मामांनी आरोळी ठोकली. "माझ्या झिलाचा नाव पेपरात इला!" चपला घालून ते पायऱ्या उतरून पेढे आणायला गेलेसुद्धा. मी पेपर उचलला. दादाची टीम लीगची मॅच एकाविरुद्ध दोन गोलांनी हरली होती. त्यातल्या एका गोलपुढे दादाचं नाव होतं आणि पुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की तो त्याने स्वतःच्याच जाळ्यात मारला. मामांनी नावापुढचं काही वाचलंच नव्हतं. घरातली एकमेव पदवीधर मी, मी शेवटपर्यंत वाचलं होतं. मी पेढा खाल्ला.

संध्याकाळी दादा आला तेव्हा वस्ती हार घेऊन उभी होती. गळ्यात पडलेला हार त्याने काढून हातात घेतला. मग म्हणाला, "बाबा, हा गोल मी आपल्याच टीमवर मारलाय. आपण माझ्यामुळे हरलो."

शेजारच्या मावशींच्या हातात अर्धा पेढा होता. तो खावा की परत करावा हे त्यांना कळेना.

घरात आल्यावर दादाने उरलेलंही सांगितलं. वय तेहतीस, क्लबाबरोबरचा करार संपत आलेला. कोचने बजावलं होतं, आता चषकाची शेवटची मॅच. ती बरी गेली तर पुढचा करार, नाहीतर कायमचं घरी. मामा वहीतलं कात्रण नखाने सोडवत होते. "इतक्या वर्षांनी नाव इला, आणि ता असा?"

"बाबा, तुम्ही पंचवीस वर्षं गेटवर होता. चोरी झाली कधी?"

"माझ्या ड्युटीत? एक खिळो गेलो नाय!"

"मग पेपरात तुमचं नाव आलं?"

"चोरीच झाली नाय, तर नाव कशाक येतला?"

"माझं कामही तेच आहे."

मामांनी वही मिटली. मग म्हणाले, "ती मॅच खंय आसा?"

मॅच अंधेरीला होती. मामा गळ्यात जुनी ड्युटीची शिट्टी घालून आले. मैदानाच्या गेटवरच्या वॉचमनने ती मॅच संपेपर्यंत काढून घेतली, तेव्हा मामा खूश होऊन म्हणाले, "माणूस चोख आसा." आमची टीम एका गोलने पुढे होती. शेवटच्या मिनिटाला समोरच्या फॉरवर्डने गोलकीपरला चकवलं. बॉल रिकाम्या जाळ्याकडे निघाला. माझ्या डोळ्यांसमोर मुलुंडची जिलेबी आली. आणि खरंच, तिथे दादा आधीच हजर होता. त्याने अंग झोकून रेषेवरून बॉल पायाने बाहेर टोलवला आणि स्वतःच सुरमईसारखा जाळ्यात अडकला. पंचांची शिट्टी वाजली. चषक आमचा!

सगळं मैदान उड्या मारत होतं. मामा उभे राहिले, ताठ झाले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. "गेट बंद केल्यान!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात गोल मारणाऱ्याचं नाव होतं. फोटोत दादाचा फक्त कान आला होता. मामांनी पान तीनदा तपासलं आणि पायऱ्या उतरून गेले ते एक किलो पेढे घेऊन वर आले.

शेजारच्या मावशींनी घाबरत विचारलं, "आज कुठल्या जाळ्यात?"

"नाव नाय इला!" मामांनी अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं सांगितलं. "म्हणून पेढे!"

दादाचा करार वाढला आणि तो आणखी तीन वर्षं मानाने खेळला. आता त्याने बूट टांगून ठेवलेत. मामांनी पंचाहत्तरी ओलांडलीय आणि त्यांना सगळं आठवत नाही. मधूनच ते शिट्टी गळ्यात घालून ड्युटीवर निघतात. बाहेर तोच उतार. दादा दारात उभा असतो. मामा डावीकडून निघाले की तो डावीकडे, उजवीकडून निघाले की उजवीकडे. "बाबा, आज तुमची सुट्टी आहे," तो सांगतो. अजून एकदाही त्याने त्यांना सुटू दिलेलं नाही.

मी माहेरी जावं तशी त्या घरी जाते, तेव्हा सकाळी मामा पेपरचं शेवटचं पान उघडून बसलेले असतात. दादा अजून खेळतोय असंच त्यांना वाटतं.

"नाय इला?" ते विचारतात.

"नाही आलं, बाबा."

"बरा झाला," म्हणत मामा डब्यातली चिमूटभर साखर आधी दादाच्या हातावर ठेवतात, मग माझ्या.