केशरबाईनं भरलेली फी

खानावळवाल्या बाईबद्दल लिहायला बसलं की लोक आधी तिच्या हाताच्या चवीबद्दल लिहितात. केशरबाईच्या हाताला चव नव्हती. आमटी रोज खारट, भाकरी एका अंगानं करपलेली, आणि तक्रार केली की "मंग हाटेलात जावा" हे उत्तर ठरलेलं. तरी वसमत रोडवरच्या तिच्या घरात मी दहा वर्षं जेवलो. का जेवलो, ते सांगितल्याशिवाय तिची गोष्ट पुढं सरकत नाही.

मी दत्तराव. परभणीतल्या एका कॉलेजात फीच्या खिडकीवर कारकून होतो. नियमाचा माणूस. खिडकी तीनला बंद म्हणजे बंद, मग समोर कलेक्टरचा मेहुणा असो. या गोष्टीचा मला गर्व होता, हेही लिहून टाकतो.

नामांतराच्या दंगली होऊन तीन वर्षं झाली होती. फीचा शेवटचा दिवस होता. केशरबाईचा एकुलता एक पोरगा सुग्रीव माझ्या खिडकीशी आला तेव्हा तीनला पाच कमी होती. अर्ज नीट, गुणपत्रिका नीट, फक्त पैसे नव्हते. त्याचा बाप चंद्रभान ऊसतोडीला जायचा. मुकादमाकडून हंगामाची आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन तो गावाकडून, पोखर्णीहून निघाला होता. पोरगा म्हणाला, "अण्णा येयलेत साहेब. धा मिनटं थांबा." मी पाच मिनिटं थांबलो, कारण तीन वाजायला तेवढीच उरली होती. मग खिडकी लावली.

साडेतीनला चंद्रभान धापा टाकत आला. उचल हातात होती, पोरगा नव्हता. तो कॉलेजच्या फाटकातून कुठं गेला ते कुणी पाहिलं नाही. मनमाडच्या फलाटावर दिसला असं कुणी म्हणालं, कुणी हैदराबादचं नाव घेतलं. घरी तो कधीच आला नाही.

त्याच वर्षी केशरबाईनं गावची बैलजोडी विकली आणि कॉलेजसमोरच्या भाड्याच्या घरात खानावळ काढली. पोरगा आला तर आधी इथंच येईल, हा तिचा हिशेब. दोन वर्षांत चंद्रभान गेला. खिडकी कुणी लावली हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा ती ताट ठेवत म्हणाली, "तुमीच ना खिडकीवाले? बसा." बस, एवढंच. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. शिव्या मिळेनात म्हणून मी रोज खारट आमटी ओरपत राहिलो.

तिच्या लेखी सुग्रीव जिवंत होता. "माजा सुग्रीव बाहेरगावी नोकरीला हाय," असंच ती नव्या पोरांना सांगायची. सर्वपित्रीला घराच्या मातीच्या छतावर, माळवदावर पान ठेवायची ते एकट्या नवऱ्याचं. शेजारची झुंबरबाई एकदा हळूच म्हणाली, "पोराच्या नावानं बी एक घास ठिवावा माय, मनाला शांती भेटती." तिच्या मागं केशरबाई उलथनं घेऊन रस्त्यापर्यंत धावली होती. ट्रंकेत तिची साडेतीन तोळ्यांची एकदाणी होती, गळ्यातला जुना सोन्याचा दागिना. भाडं थकलं, दोनदा आजारी पडली, तरी तो बाहेर निघाला नाही. तो सुनेचा होता. सून यायची तर पोरगा यायला हवा, आणि पोरगा येणारच होता.

अशा घरात अब्दी आला. सोमालियाचा पोरगा, ताडमाड उंच, दारातून वाकून यायचा. आमच्याच कॉलेजात शेती शिकायला आला होता. बाजारातल्या दखनी हिंदीत तो बोलायला शिकला आणि "मावशी, भाकरी जल गई" असं तोंडावर सांगायचा. आमची कुणाची ती छाती नव्हती. केशरबाई त्याला काळपटलेल्या भाकरीतली बरी भाकरी शोधून द्यायची.

एक्क्याण्णव साल उजाडलं आणि त्याच्या देशातलं सरकारच कोसळलं. बँक बंद, पोस्ट बंद. दर सहामाहीला येणारा बापाचा ड्राफ्ट आला नाही, पत्रही आलं नाही. परदेशी पोराची फी आपल्या पोरांच्या कितीतरी पट असायची, वर्षाचे अकरा हजार. नोकरी करायची त्याला परवानगी नव्हती. त्यानं घड्याळ विकलं, सायकल विकली. पुण्यातल्या देशबांधवांनी वर्गणी करून सातशे रुपये धाडले, ते जेवणात गेले. प्राचार्यांनी दोनदा मुदत वाढवली. तिसरी मुदत शेवटची होती, दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत. फी भरली नाही तर नाव कमी होणार, नाव कमी झालं की व्हिसा जाणार, आणि पोराला परत पाठवायचं तर कुठं? ज्या गावात उतरायचं तिथं तोफा चालू होत्या. मी केशरबाईला हे सगळं समजावून सांगितलं. ती ट्रंकेकडं बघत बसली आणि म्हणाली, "ते सुग्रीवच्या बायकूचं हाय." मी विषय सोडला.

पितृपक्षात पुण्याहून पत्र आलं. अब्दीच्या बापाची गल्ली तोफगोळ्यांनी सपाट झाली होती, तिथं कुणी उरलं नव्हतं. अब्दी दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी सर्वपित्री होती. ज्याच्या मरणाची तिथी ठाऊक नाही त्याला त्या दिवशी जेवू घालतात. केशरबाईनं दोन पानं वाढली, एक नवऱ्याचं, एक अब्दीच्या बापाचं. मी म्हणालो, "अहो, त्यांच्यात हे चालत नाही." ती म्हणाली, "पोट तर सगळ्यांलाच आसतंय न्हवं?"

भर दुपार होती. मी तिच्यामागं माळवदावर गेलो, हातात पाण्याचा तांब्या. सर्वपित्रीला परभणीच्या कावळ्यांसारखं लाडावलेलं कुणी नसतं. वडे टाकून खीर शोधतात. चंद्रभानचं पान दोन मिनिटांत साफ झालं. दुसऱ्या पानाला एकही शिवला नाही. पंधरा-वीस कावळे कठड्यावर रांगेनं बसले, सगळ्यांची तोंडं त्या पानाकडं, आणि एकाचाही आवाज नाही. गावभर कावकाव चालली होती, आमच्या माळवदावर मात्र माशीचा आवाज ऐकू येत होता. मी भुताखेतांना मानणारा माणूस नव्हे, पण खाली जावंसं वाटायला लागलं.

घास अडला की मेलेल्याची इच्छा राहिलीय असं समजतात आणि जिवंत माणूस ती पुरी करायचा शब्द देतो. केशरबाईनं हात जोडले. "तुमचं पोरगं उपाशी ऱ्हानार न्हाई." कावळे हलले नाहीत. "त्याला आजारात एकलं सोडणार न्हाई." काही नाही. पाऊण तास गेला. ऊन डोक्यात चढत होतं आणि तिचा आवाज चिरकला. अब्दीच्या बापाचं नाव तिला ठाऊक नव्हतं आणि विचारायचं सुचलं नव्हतं. नाव घेतल्याशिवाय घासाला बोलवायचं नसतं, हे खेड्यातल्या लहान पोरालाही कळतं. ती म्हणाली, "फीपायी ज्याचा जीव आडकला आसंल, त्यानं यावं. पोराची फी म्या भरते."

कठड्यावरचे कावळे एकदम उडाले. मागं एक उरला. तो कधी आला, कुठून आला, मला सांगता येणार नाही. तो उडाला नाही, चालत आला, माळवदाच्या धाब्यावरून, एकेक पाऊल टाकत. पंखांतून पाणी गळत होतं. बारा दिवस पावसाचा थेंब नव्हता. त्यानं पानातलं शीत न् शीत खाल्लं आणि मान वर करून आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जास्त वेळ बघितलं. माझ्या हातातला तांब्या कधी खाली पडला ते मला कळलं नाही.

दिलेला शब्द जिवंत माणसाकडं मोडता येतो, मेलेल्याकडं नाही. दुसऱ्याच दिवशी ती एकदाणी घेऊन सराफ्यात गेली. चार दिवसांनी अब्दीला घेऊन माझ्या खिडकीशी आली. दहा वर्षांत ती रस्ता ओलांडून कॉलेजात कधी आली नव्हती. तिनं पदराच्या गाठीतून नोटा काढून आत सरकवल्या आणि म्हणाली, "मोजा." एरवी मी डोळे मिटून हजार मोजतो, त्या दिवशी तीनदा मोजले. अब्दी लहान पोरासारखा रडत होता. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचा गळा रिकामा होता, तो तसाही रिकामाच असायचा.

सर्वपित्रीपासून तो कावळा रोज यायला लागला. दुपारी तीनला स्वयंपाकघरावरच्या पत्र्यावर नख्या वाजायच्या. तो ओरडायचा नाही, काही मागायचा नाही, टाकलेला तुकडा खायचा नाही. नुसता असायचा. केशरबाई अब्दीला म्हणायची, "तुजा बाप हाय रं. पोरगं शिकायलंय का न्हाई ते बघायलाय." अब्दी कसानुसा हसायचा. मी तीनच्या सुमारास तिकडं फिरकायचं बंद केलं.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. रविवार होता, मी उशिरा, स्वयंपाकघरातच जेवायला बसलो होतो. अब्दी रस्त्यावरून पळत, ओरडत आला आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलं, तरी हसत होता. हातात निळा लिफाफा होता. "मावशी! अब्बा जिंदा है!" बाप गोळाबारीच्या आधीच सीमा ओलांडून केनियात गेला होता. तिथल्या छावणीत होता, धाकट्या बहिणीसकट. एक पाय अधू झाला होता, पण स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं होतं. केशरबाईनं डब्यातली साखर मुठीनं काढून त्याच्या तोंडात कोंबली. अब्दीनं तिला उचलून गरागरा फिरवलं. "ठिव मला, मुडद्या!" असं ओरडत ती हसत होती. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पोराची फी ज्यानं कुणी भरली असेल त्याचे सगळे पैसे बाप फेडणार होता, पत्रात तसं लिहिलं होतं.

तीन वाजले. पत्र्यावर नख्या वाजल्या.

केशरबाई हसता हसता थांबली. अब्दीचं लक्ष नव्हतं, तो पत्र पुन्हा वाचत होता. तिनं वर बघितलं. मग माझ्याकडं. मी ताटातला हात काढून घेतला. तिच्या तोंडावरचं रक्त उतरताना मला दिसत होतं आणि मला काहीही करता येत नव्हतं. आपण बोलावलं कुणाला होतं, हे तिला त्या क्षणी कळलं, मलाही कळलं.

"वल्ला हुता त्यो," ती पुटपुटली. "दत्तराव, त्यो वल्ला हुता." पोखर्णीच्या रस्त्यानं किती विहिरी आहेत ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मला वाटलं होतं ती टाहो फोडेल. तिनं अब्दीला मित्रांना बातमी सांगायला पाठवून दिलं, त्याचा आनंद नासू नये म्हणून. मग ती माझ्यासमोर येऊन बसली. "आब्दीच्या बापाला लिवा, पैशे नगंत. त्या पैशात माज्या लेकराची फी भरली गेलीया." मग म्हणाली, "मला त्येच्या नावाची पावती पाहिजे."

मी म्हणालो, "केशरबाई, कॉलेजची पावती अशी देता येत नाही हो." आयुष्यभराची सवय, जिभेवरून आधी नियमच येतो. ती रागावली नाही. "मंग तुमची द्या. खिडकी तुमीच लावली हुती."

मला शरम वाटली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान तिनं फाडून दिलं. मागच्या कोऱ्या बाजूवर मी खिशातल्या पेनानं लिहिलं: सुग्रीव चंद्रभान याची फी पोचली. तारीख घातली ती दहा वर्षांपूर्वीची, शेवटच्या दिवसाची. वेळ लिहिली तीनला पाच कमी. खाली सही केली. त्या तारखेसाठी मला कुठलं रजिस्टर उघडावं लागलं नाही.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात धरला, उलटा होता तो सरळ करून घेतला आणि परत माझ्याकडं दिला. "वाचा. मोठ्यानं वाचा, खिडकीतून नाव पुकारता तसं."

मी उभा राहिलो. खिडकीतल्या आवाजात वाचलं, पूर्ण नाव, पूर्ण तारीख. वर पत्र्यावर नख्या दोन पावलं सरकल्या, बरोबर आमच्या डोक्यावर आल्या आणि थांबल्या.

केशरबाईनं वर बघत डोक्यावरचा पदर सारखा केला. "आयकायलाय त्यो," ती म्हणाली. "परत वाचा."

मी परत वाचलं.