मुंडीचा मान

कुवेतमधल्या बनेद अल-गारच्या त्या खोलीत शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की माशाचं कालवण व्हायचं, आणि मुंडी कोणाच्या ताटात पडते त्यावरून खोलीत सध्या कोणाची चलती आहे ते कळायचं. खोली सगळी कोकणातल्या बोर्लीची, फार तर शेजारपाजारच्या गावची. खलाशी माणसं. खोल पाण्यात उभ्या राहिलेल्या जहाजांवरचा माल बार्जवर उतरवून किनाऱ्याला आणायचा, हे त्यांचं काम. त्यांच्यावर एक सारंग, म्हणजे टोळीचा म्होरक्या, आणि सगळ्यांच्या वर अरबाब, म्हणजे मालक. हारून त्यांचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. गावाकडे मुंडी घरातल्या वडीलधाऱ्याची असते. इथे वडीलधारा कोण ते खोली ठरवायची आणि हारून मुकाट्याने वाढायचा.

आता वयाने बघाल तर सगळ्यांत मोठा हारूनच. पण चुलीपाशी बसलेल्या माणसाचा मान कोणाला आठवतो?

लहानपणी हारून तेल आणायला हसाजी तेल्याकडे जायचा. हसाजी शनिवारी घाणा बंद ठेवणारा, बोर्लीच्या जुन्या बेने इस्राईल, म्हणजे ज्यू, घरांपैकी एकातला. बैल फिरत असायचा आणि हसाजी आपल्या पूर्वजांच्या गोष्टी सांगत असायचा, त्याही अशा की ऐकणाऱ्याला त्या पूर्वजांचा राग यावा. देवाने त्यांना सोडवावं, चार दिवस सुखाचे जावेत, की यांनी देवाला विसरून भलत्याच कोणापुढे डोकं टेकवावं. मग शेजारचा एखादा राजा येऊन मानेवर बसायचा. मग रडारड. मग देवाला दया यायची आणि तो कोणीतरी सोडवणारा पाठवायचा. तो सोडवणारा मेला रे मेला, की पुन्हा तेच गाणं. हारून चिडून विचारायचा, त्यांना अक्कल कशी येत नव्हती? हसाजी हसायचा. म्हणायचा, तुझ्याच नावाचा एक भला माणूस होता त्यांच्यात. लोकांनी सोनं आणून टाकलं, आम्हाला पुजायला काहीतरी करून दे म्हणाले, आणि त्या बापड्याला नाही म्हणता आलं नाही. त्या सोन्याचं वासरू करून दिलं त्याने.

मौलवीसाहेबांच्या सांगण्यात त्या हारून नबींचा, म्हणजे पैगंबरांचा, काही दोष नव्हता. हसाजीच्या सांगण्यात होता. भंडाऱ्याच्या मनात ते कुसळासारखं राहून गेलं.

कुवेतला तो आला तो अरबाबच्याच गलबतावरून. तिथे तेलाच्या विहिरींचे दिवस अजून यायचे होते. अरबाब तेव्हा खजूर घेऊन मुंबईकडे फेऱ्या मारायचा आणि हारून त्याच्या गलबतावर रांधायचा. वादळात दोघांनी एका ताटात भात खाल्ला होता. त्यामुळे या खोलीतल्या कोणाला अरबाबसमोर तोंड उघडता येत नसे, पण हारूनला येत असे, तेही अरबीतून.

पहिला सारंग बाहेरचा होता. हात उचलायचा, आजाऱ्याला सुट्टी द्यायचा नाही. खोली चुलीपाशी येऊन रडली. हारून गेला, बोलला, आणि अरबाबने हसत हसत सारंग बदलला. सगळ्यांनी हारूनला मिठ्या मारल्या, आता आपण सगळे सारखे, आपल्यात कोणी लहानमोठा नाही, असं कुराणावर हात ठेवून म्हणाले. ते म्हणणं किती टिकलं असेल? पुढचा शाबान महिना उजाडेपर्यंतसुद्धा नाही.

दुसरा सारंग गफूर, त्यांच्यातलाच. तसा गरीब माणूस. त्याला खोलीनेच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. खिडकीजवळची जागा त्याची, तिथे एक लोड. पहिला चहा त्याचा. घरून आलेलं सुकट आधी त्याच्यापुढे उघडायचं. शुक्रवारी सगळे म्हणायचे, मुंडी गफूरभाईला, चाचा. आणि हारून वाढायचा. माणूस असा रोज पुजला गेला की त्यालाही ते खरं वाटायला लागतं. बघता बघता गफूर त्यांच्या डोक्यावर मिऱ्या वाटू लागला. पुन्हा रडारड, पुन्हा हारून. या खेपेला अरबाबने गफूरला काढलं खरं, पण तो वैतागला. ही माणसं माझ्यासमोर त्याची तारीफ करतात आणि मागून तू त्यांचं रडगाणं घेऊन येतोस, म्हणाला. पुन्हा आलास तर तक्रारीसकट तुला आगबोटीत बसवून देईन.

हारूनने कानाला खडा लावला.

तिसरा नझीर. ते सगळं परत सांगत बसत नाही. लोड तोच होता, फक्त अभ्रा नवा. मधल्या काळात कुवेत स्वतंत्र झालं, रुपये जाऊन दिनार आले, आणि अरबाबने रुमैथियाला मोठं घर बांधायला काढलं. त्या घराच्या मागे स्वयंपाक्यासाठी एक खोली होणार होती. अरबाबने स्वतः हारूनला ती जागा दाखवली आणि म्हणाला, घर झालं की इथे रहा, बायकोला बोलावून घे, कागद मी करून देतो.

रहिमाशी लग्न होऊन हारूनची दाढी पांढरी झाली होती, आणि तिच्या हातची भाकरी त्याने सलग एक वर्ष कधी खाल्ली नव्हती. सुट्टीवर जायचा तो पाहुण्यासारखा. नव्या खोलीला खिडकी होती. बाजारातून त्याने निळ्या फुलांचं पडद्याचं कापड घेतलं आणि ट्रंकेत तळाशी ठेवलं. कोणी विचारलं तर लाजायचा. हा म्हातारा लाजायचा!

त्याच उन्हाळ्यात यूनुसला ताप भरला. यूनुस टोळीतला सगळ्यांत काटक, तो बार्जवर कोसळला. नझीरने डोक्यावर पाणी ओतून त्याला उभा केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर नेला. खोली चुलीपाशी आली. सगळ्यांत जास्त रडत होता खोलीतलाच यूसुफ. चाचा, आमचं चुकलं, म्हणत होता, आम्हीच नझीरला मोठा केला, पण यूनुस मरेल.

हारून कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "मुंडी ज्याला दिलीत त्याच्याकडे जा. तो सोडवील तुम्हाला."

सगळे आल्या पावली परतले. त्यांनाही कळत होतं, आणि हारूनलाही आपण बरोबर बोललो हे कळत होतं. बरोबर असूनही त्या दिवशी त्याचं कालवण खारट झालं. डोक्यात सारखं एकच येत होतं, की मुंडी देणारे ते असले तरी वाढणारा हात कोणाचा होता? एकदा तरी त्याने पळी खाली ठेवून नाही म्हटलं होतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं जण यूनुसला काखेत धरून धक्क्याकडे नेताना त्याला दिसले. डोक्यावर ओला पंचा, पाय जमिनीला लागत नव्हते. रहिमा, खिडकी, निळी फुलं, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि त्याला स्वतःचाच संताप आला, या लोकांचा आला, हसाजीच्या देवाचासुद्धा आला. एवढं कळूनही त्या देवाला दर वेळी राहवत कसं नव्हतं? मग त्याने चूल विझवली, हात धुतले आणि रुमैथियाला निघाला.

अरबाब गवंड्यांमध्ये उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी काय सांगितलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय," हारून म्हणाला. "पण तो मरतोय."

अरबाब शब्दाचा पक्का. त्याने त्याच दिवशी नझीरला काढलं, यूनुसला आपल्या गाडीतून दवाखान्यात पाठवलं, आणि हारूनची आगबोटही ठरवून टाकली. रुमैथियाच्या खोलीत दुसरा कोणी राहायला येणार होता.

जायच्या आधीच्या शुक्रवारी हारूनने हामूर मासा आणला, चांगला थोराड. खोली आधी खूप रडली होती. तुमचे उपकार कसे फेडू, म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. पण नवा सारंग म्हणून अरबाबने यूसुफला नेमलं होतं, आणि खिडकीजवळच्या लोडाला सकाळीच कोणीतरी धुतलेला अभ्रा चढवला होता. हारूनने तो पाहिला. मग कोयती घेऊन त्याने मुंडीचे तुकडे तुकडे केले, सगळे रश्श्यात सोडले, आणि जेवताना प्रत्येकाच्या ताटात एकेक वाढला. यूसुफ अजून यायचा होता.

जेवण सुरू झालं. सगळ्यांचे डोळे मात्र पातेल्याकडे जात होते. यूनुस दवाखान्यातून आदल्याच दिवशी आला होता, गालफडं बसलेली. त्यानेच शेवटी अगदी प्रेमाने, हळू आवाजात विचारलं, "चाचा, कालवण झकास झालंय. पण यूसुफभाईला काय वाढायचं?"

हारूनने पळी यूनुसच्या हातात दिली आणि ट्रंक बांधायला उठला. ट्रंकेत तळाशी ते पडद्याचं कापड तसंच घडी घातलेलं होतं. बोर्लीच्या घराच्या खिडकीला ते मोठं होणार होतं.