अक्काची पांढरी दाढ

पत्रक मीच लिहिलं होतं. मिसरी सोडा, दात वाचवा. काळा डाग दिसला की डॉक्टर गाठा. साक्रीच्या आठवडे बाजारात ते वाटताना मी माझ्या मावशीला, अक्काला, मुद्दाम सोबत न्यायचे. तिने जन्मात मिसरी लावली नव्हती, रोज कडुनिंबाची काडी. बाया तिचे दात बघायच्या आणि मिसरीच्या डब्या पदराआड दडवायच्या. जिवंत माणसाचं मी पत्रक केलं होतं, हे तेव्हा मला खटकलंही नाही.

मग अक्का भाकरी एकाच बाजूने चावू लागली.

"काय झालं गं?"

"काही नही. बठ्ठा दात चांगला शेतस, तूच सांगस ना!"

सगळे दात चांगले? मी तोंड उघडायला लावलं. डाग नाही, भोक नाही. सोडून दिलं. पुढच्या बाजारी ती गुपचूप दात उपटणाऱ्याकडे गेली. दुखणारी दाढ त्याला ओळखता येईना, तर म्हणे, "दोन्ही काढतो, एक तर बरोबर निघेल." अक्का उठून पळाली. घरी येऊन तिनेच हे सांगितलं, तेव्हा मी इतकी भडकले की तिला तशीच धुळ्याच्या बसमध्ये बसवलं.

तिथल्या दंतवैद्यांनी दाढ कापसाने पुसली, हवा मारून कोरडी केली आणि आरशात मला दाखवली. पांढऱ्याखाली राखाडी सावली. "वरचं कवच टणक असतं. कीड बारीक चिरेतून आत शिरते आणि आतला मऊ भाग खाते. नसेपर्यंत गेली असेल, तर दाढ काढावी लागेल."

"पण डाग नव्हता!"

"डाग दिसायलाच हवा, असं कुणी सांगितलं?"

एक्स-रे येईपर्यंत अक्काने माझी बोटं सोडली नाहीत. नस वाचली होती. कीड कोरून काढली, खड्ड्यात चांदी भरली. दाढ राहिली.

बाहेर आल्यावर मी सुटलेच. "इतके दिवस बोलली का नाहीस?"

"दात दुखस म्हनीसन सांगू कशी? त्या बाया हासत्यात. तुनं काम बुडी जातं!"

माझ्या कामासाठी ही बाई दाढ गमवायला निघाली होती! भर रस्त्यात मी ओरडत राहिले, तिच्यावर आणि जास्त माझ्यावर. बधिर ओठांनी वाकडं हसत तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"वरड, पोरी, वरड. आते मले दुखत नही."