नाव घातलेल्या डब्या

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या थंडीत फोनवर निरोप आला की आमचा डबा रिकामा झाला आहे. पाठवणाऱ्याला मी ओळखत नव्हतो. त्याने सभ्यपणे लिहिलं होतं की आत फक्त बसचं एक तिकीट, गंजलेली सेफ्टी पिन आणि संपलेला सेल उरला आहे, तरी मालकांनी लक्ष द्यावं. मी ते वाचलं आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. त्या दिवसांत सगळ्याच गोष्टी मी वाचून उलट्या ठेवत होतो.

या डब्याची हकिगत आधी सांगायला हवी. मी दिवाणी वकील. वकिली सोडून घरी बसलो आणि बायकोच्या स्वयंपाकघरात लक्ष घालू लागलो. ती कावली. पुण्याला असलेल्या आमच्या मुलीने मग यावर जिओकॅशिंगचा तोडगा काढला. लोक कुठेतरी छोटा डबा लपवतात आणि त्याची जागा नकाशावर टाकतात. बाकीच्यांनी फोन हातात धरून तो हुडकायचा. आतली एखादी वस्तू आवडली तर घ्यायची, आणि तिच्या बदली तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. खायचं काही ठेवायचं नाही, धारदार नाही, पेट घेणारं नाही. माझ्या जुन्या फोनवर ते प्रकरण चालेना, म्हणून मुलीने ते आईच्या फोनवर आणि आईच्याच नावाने सुरू करून दिलं. म्हाताऱ्या माणसांना लपाछपी खेळायला लावते, असं म्हणत मी कुरकुर केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चप्पल घालून तयार होतो.

हुडकायचं काम माझं, वस्तू निवडायचं तिचं. पहिल्याच वेळी तिने घोळ घातला. काचीगुडा भागात लपवलेल्या एका डब्यात तिने तिळाच्या वड्या ठेवल्या, कारण कुणाच्या डब्यात काही ठेवायचं तर गोड ठेवावं, हेच तिला ठाऊक. डब्यात मुंग्या झाल्या आणि मालकाची तक्रार आली. ती स्वतःवरच आठवडाभर हसत होती. त्यानंतर मात्र तिने निवडीचं काम असं मनावर घेतलं की माझी काही धडगत राहिली नाही. मी एकदा कुठल्याशा दुकानाने फुकट दिलेलं पेन पुढे केलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या खिशाला लावलं.

"हे देणं आहे का घर झाडणं?" ती म्हणाली. "नक्को. ते तुम्हीच वापरा."

तिची कसोटी एकच होती. डबा उघडणाऱ्याला वस्तू बघून सोबतच्या माणसाला हाक मारावीशी वाटली पाहिजे, की अगं, बघ हे. त्यासाठी ती मला सुलतान बाजारात पायपीट करायला लावायची. बाहुलीच्या मापाची लाखेची बांगडी, एकच घुंगरू, आत हिरवं पान असलेली काचेची गोटी अशा वस्तू ती शोधून आणायची. घरी आल्यावर पुन्हा निवड व्हायची, कारण एका डब्यात दोन सारख्या वस्तू गेलेल्या तिला चालत नसत. आणि स्वतः तिने कुठल्याच डब्यातून कधी काही घेतलं नाही. नियमाने घेता येतं, असं मी वकिली थाटात सांगितलं की म्हणायची, "आपल्याला काय कमी आहे?"

पुढे आम्ही आमचा स्वतःचा डबा लपवला. नल्लकुंट्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाग आहे, तिच्या मागच्या भिंतीत एका सुट्या दगडामागे. बागेच्या राखणदाराला तिने आधी डबा उघडून दाखवला, म्हणजे उद्या कुणी पोलिसांना बोलावू नये. त्याने आत पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. डब्यात नेहमी चांगलंच काही असतं, असं लोक लिहायचे. ते वाचताना ती चष्मा पुसून पुन्हा वाचायची.

आता भांड्यांकडे येतो. घरात स्टीलचं भांडं आलं की त्यावर नाव घालून घेतल्याशिवाय ती ते वापरायला काढत नसे. सुलतान बाजारातल्या तिच्या ठरलेल्या दुकानात नाव कोरणारा बसायचा. त्याला तेलुगू आणि इंग्रजी यायचं. मराठी अक्षरं तो तिने लिहून दिलेल्या कागदावरून चित्र काढावं तशी काढायचा, त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर तिचं नाव जरा डावीकडे कललेलं आहे. गल्लीत खीर जायची, सांबार यायचं, आणि या येण्याजाण्यात भांडं हरवू नये म्हणून हे नाव. शेजारची पातेली ती धुऊन, आत मूठभर काहीतरी घालूनच परत करायची. आपलं पातेलं दोन दिवसांत आलं नाही तर चौकशी करायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांना द्यायचं वाणही ती याच दुकानातून घ्यायची, आणि तेही श्रावणातच, कारण तेव्हा गर्दी नसते. त्या वर्षी तिने तळहातावर मावतील अशा झाकणाच्या छोट्या डब्या सांगून ठेवल्या होत्या. भाद्रपदात तिला ताप आला. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

दसऱ्यानंतर दुकानदाराचा फोन आला की माल तयार आहे. मी गेलो. त्याने खोका बांधून दिला. वर एक डबी उघडी ठेवली होती, दाखवायला. सौ. आणि पुढे तिचं नाव, डावीकडे कललेलं.

"मेडम नहीं आए? सलाम बोलो उनको," तो म्हणाला.

"हौ, बोलतो," मी म्हणालो आणि रिक्षात बसलो.

मला काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपला गाल आपल्याला जाणवत नाही, तसं सगळं होतं. बँकेत, गॅसवाल्याकडे, विम्याच्या खिडकीवर मी 'पत्नी वारली' हे शब्द दुसऱ्याच्या अशिलाबद्दल बोलावं तसे बोललो होतो. मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की दबकत विचारायची, "बाबा, तुम्ही रडलात का?" मी म्हणायचो, जेवलो. तिला आणि मला, दोघांनाही, रडू येत नाही याची भीती वाटू लागली होती.

खोका कपाटात राहिला. संक्रांत जवळ आली तशी काचीगुड्याला राहणारी मेहुणी आली. मी तिला म्हटलं, आमच्याकडे यंदा सण नाही, तू तुझ्या हळदीकुंकवाला या डब्या वाटून टाक. तिने एक डबी हातात घेतली, नावावरून बोट फिरवलं आणि रडली. मी पंखा लावला.

"भावजी, कसं सांगू," ती म्हणाली. "गेलेल्या बाईच्या नावाचं वाण आहे हे. सणाच्या दिवशी बायका हात पुढे करणार नाहीत. पॉलिशवाल्याकडून नाव तेवढं घासून घ्या, मग मी खुशीने वाटते."

ती वाईट बोलली नाही. पण नाव घासून काढायचं माझ्याच्याने होईना. आणि कपाटातही ठेवणं पटेना. वाण लुटायचं असतं. लोकांच्या हातात जावं म्हणून तिने ते हौसेने करून घेतलं होतं. तिने दिलेली शेवटची गोष्ट लोकांनी घ्यायलाच हवी, एवढी एकच इच्छा त्या सुन्न डोक्यात मला सापडली. ती मी धरून ठेवली. तेव्हा मला तो उलटा ठेवलेला निरोप आठवला. ती गेली हे ज्यांना माहीत नाही अशी माणसं जिथे येतात, ती जागा आमच्या गल्लीच्या टोकाला दगडामागेच होती.

मी कचरा काढला, डबा पुसला आणि आत तीन डब्या ठेवल्या. बरोबर घरात उरलेलं एक घुंगरू आणि दोन गोट्या. तिच्या नियमाप्रमाणे दोन सारख्या वस्तू एका डब्यात नकोत, पण मला घाई होती.

आठवड्याने जाऊन पाहिलं. घुंगरू गेलं होतं, बदली कुणीतरी लाकडी भोवरा ठेवला होता. डब्या तिन्ही तशाच. पुढच्या खेपेला गोट्या गेल्या, भोवराही गेला. त्यांच्या बदली आलेली चावी अडकवायची साखळीही कुणीतरी प्लास्टिकचा डायनासोर ठेवून नेली. डब्या तशाच. मला राग आला. कितीतरी दिवसांनी मनात काहीतरी आलं ते हे. डायनासोर ठेवणाऱ्या लोकांना चांगल्या स्टीलची कदर नाही, असं मी राखणदाराला ऐकवलं. त्याने नेहमीसारखी मान हलवली. मी घरी येऊन विचार केला की डब्या साध्या आहेत, तिच्या कसोटीला उतरत नाहीत. म्हणजे तिची शेवटची निवड चुकली, आणि ते मला कुणाला सांगताही येत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा जात राहिलो. डब्या दवाने ओलसर व्हायच्या, मी पुसून पुन्हा ठेवायचो.

मग एका रविवारी फोनवर निरोप आला. तो माझ्यासाठी नव्हता. फोन तिचा, नाव तिचं, त्यामुळे निरोपही तिलाच होता.

"आंटी, आपकी डब्बियाँ बॉक्स में छूट गईं शायद. आपका नाम है उनपे, इस वास्ते कोई नहीं ले रे. दो वहींच हैं, एक मैं सँभाल के रखी. घर पे लाके दूँ?"

मी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं. आयुष्यभर मी मालकी कुणाची आणि ताबा कुणाचा यावर भांडलो. भांड्यावर नाव असलं की ते भांडं त्या नावाच्या माणसाचं, ते परत द्यायचं, हे या गावात लहान मुलाला कळतं. ते मला कळलं नव्हतं. लोकांनी डब्या नापसंत केल्या नव्हत्या. ते तिची वाट बघत होते.

निरोपात फक्त घरी आणू का असं विचारलं होतं, म्हणून मी फक्त पत्ता लिहिला. जे विचारलं नाही ते सांगायचं नाही, ही जुनी सवय.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तिशीची एक मुलगी होती, स्कूटरवरून आलेली, हेल्मेट कोपराला अडकवलेलं. तिने डबी दोन्ही हातांनी पुढे केली. मी घेतली तर जड लागली. झाकण काढलं. आत बडीशेप आणि खडीसाखर काठोकाठ भरली होती.

"अम्मी भर के दिए," ती म्हणाली. "नाम का बर्तन खाली नहीं लौटाते बोले. आंटी हैं ना घर में?"

उत्तर तयार होतं. बँकेत दिलेलं, गॅसवाल्याला दिलेलं. मी तोंड उघडलं आणि ते आलं नाही. हातात तिचं नाव घातलेलं भांडं होतं, भरून आलेलं, आणि अशा वेळी मी आजवर जे करत आलो तेच माझ्याकडून झालं. मी मान वळवून आत हाक मारली.

"अगं, बघ हे. तुझी डबी आली."

आतून काही आलं नाही. स्वयंपाकघरातला नळ नीट बंद झालेला नव्हता, तेवढा ऐकू येत होता. मी उत्तराची वाट पाहिली. खरंच पाहिली. मग मला कळलं की ती नाही. भाद्रपदापासून मी ते सगळ्यांना सांगत होतो, मला स्वतःला आत्ता कळलं. मी दारातच चौकटीला धरून खाली बसलो आणि मोठ्याने रडलो. इतकं दुखलं की आपल्या आत एवढी जागा होती याचंच आश्चर्य वाटलं.

ती मुलगी हेल्मेट जमिनीवर ठेवून पायरीवर बसली. माझं रडणं ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, "कब?" मी सांगितलं.

"ये डब्बी तुम रखो," मी म्हटलं. "उसने देनेकेच वास्ते बनाई थी."

"पर नाम तो उनका है, अंकल."

"हौ," मी म्हटलं. "नाम के साथ रखो."

ती विचार करून हो म्हणाली. पण मग बडीशेप आमच्याकडे राहायला हवी होती, कारण ती आम्हाला आलेली होती. ती काढून घ्यायला मी वाटी आणायला आत गेलो. फळीवरची पहिली वाटी उचलली, तिच्यावर नाव होतं. ती ठेवून दुसरी घेतली, मग तिसरी. प्रत्येकीवर तेच, डावीकडे कललेलं. बाहेर ती मुलगी थांबली होती, आणि मी फळीसमोर एकेक वाटी उलटी करून बघत उभा होतो.