घाईबाईची पुडी

कॉलेजच्या वनस्पती विभागात वाळलेली रोपं कागदावर डकवण्याचं काम मावशींनी छत्तीस वर्षं केलं. डिंक, दोरा, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक चिमुकली पुडी. रोपाचं जे गळेल ते पुडीत. "गळलं म्हणून टाकायचं नसतं," असं त्या नव्या पोरींना दटावत आणि स्वतःचा चष्मा मात्र रोज कुठेतरी विसरून येत.

निवृत्तीला आठवडा उरला असताना विभागप्रमुख मॅडमनी कपाटं साफ करायला काढली. ज्या कागदावर रोप सापडल्याची जागा लिहिलेली नाही, तो रद्दीत. नियम चोख होता. मावशींनीच तो कितीदा इतरांना ऐकवला होता. आणि ढिगात वरच दिसली ती घाईबाई!

रोपाचं हे नाव माळ्याने ठेवलेलं. माळी म्हणजे मावशींचे यजमान. कॉलेजची बाग तेच बघत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. लग्नाच्या वर्षी त्यांनी हे रोप मुळासकट आणून मावशींच्या टेबलावर ठेवलं होतं. चार निळ्या पाकळ्या, मध्ये पांढरा ठिपका, दोनच पुंकेसर. हात लागला की पाकळ्या ओघळल्याच.

"बघ, हिला दोन मिनिटं थांबायला सवड नाही," माळी म्हणाले होते. "पण मुळाची पक्की. दरवर्षी त्याच जागी फुटते."

मावशींनी गळलेल्या पाकळ्या पुडीत ठेवल्या, पण जागेची ओळ कोरीच सोडली. पंपघरामागचा बांध! दोघं रोज तिथे बसून डबा खायचे. ते ऑफिसच्या कागदावर लिहायची त्यांना लाज वाटली होती. आता त्या लाजेपायी माळ्याच्या हातचं रोप रद्दीत निघालं होतं.

"जागा मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"चौतीस वर्षं झाली, मावशी. रोप आजही तिथे दिसलं तरच लिहू देईन."

दोघी बांधावर गेल्या. गवत आदल्याच दिवशी मशीनने कापलं होतं. चष्मा अर्थातच टेबलावर राहिला होता. त्या खाली बसल्या आणि गवतात बोटं फिरवू लागल्या.

"काय शोधताय?"

"केस. हिच्या देठावर केसांच्या दोनच ओळी असतात. पानांची जोडी आली की ओळी बाजू बदलतात." बोटं थांबली. "ही बघा! जमिनीला टेकून पसरते, पेरापेराला मुळं सोडते. मशीन हिचं काय वाकडं करणार?"

मॅडम वाकल्या. कुंपणाखाली, मशीन पोचलं नव्हतं तिथे, सात-आठ निळी फुलं होती. मावशींना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

विभागात येऊन त्यांनी कोऱ्या ओळीवर लिहिलं: 'पंपघरामागचा बांध, डबा खायची जागा.' मग डावी मूठ उघडली. बांधावरून खुडून आणलेल्या फुलांच्या, वाटेतच गळलेल्या पाकळ्या होत्या तीत. जुनी पुडी उलगडली. आतल्या पाकळ्या पार तपकिरी झाल्या होत्या. त्यांच्यावर मावशींनी निळ्या पाकळ्या ठेवल्या.

दोन वेळची फुलं एका पुडीत ठेवायची नसतात, हाही नियमच. मॅडम खिडकीकडे वळल्या आणि पुडी मिटेपर्यंत बाहेरच बघत राहिल्या.