दत्ताकाकांसाठी एक मिनिट

आधी चहा पिऊन घ्या. हे ऐकल्यावर माझ्या हातचा घ्याल की नाही, मला खात्री नाही.

चुका कुणाच्या हातून होत नाहीत? पण एका शनिवारी दुपारी, जेमतेम दोन तासांत, स्वतःचा बाप, एक अनोळखी आयरिश माणूस आणि मैदानातले बावीस खेळाडू, अशा सगळ्यांना एकाच थापेत गुंडाळायचं म्हणजे अंगात कसब लागतं. ते माझ्यात आहे, हे मला दोन हजार वीसच्या सप्टेंबरात कळलं.

आयर्लंडमधल्या पोर्टलीशपासून वीस मिनिटांवर आमचं गाव. स्वाती, म्हणजे माझी बायको, हॉस्पिटलात डॉक्टर. मी तिच्यामागे आलेला नवरा. माझ्याकडे भाजी, भांडी आणि माझे वडील, अण्णा. अण्णा कोल्हापूरहून फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी आले आणि अडकले. सप्टेंबरपर्यंत विमानं थोडीफार सुरू झाली होती, पण बाहत्तर वर्षांच्या, दोन स्टेंट घातलेल्या माणसाला त्यात बसवायची आमची छाती होईना.

त्या मंगळवारी कोल्हापूरहून आत्याचा फोन आला. दत्ताकाका गेले. अण्णांचे धाकटे भाऊ. पाच दिवस ऑक्सिजनवर होते, तेही अण्णांना कुणी कळवलं नव्हतं, आणि घरच्या कुणाला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

"अण्णाला सांगू नगंस," आत्या रडत म्हणाली. "परक्या मुलखात हाय त्यो. त्याला काय झालं तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे दुसरं काय करतात? म्हाताऱ्या माणसापासून मरण लपवायचं, ही आपल्या घरांची जुनी रीत. 'धक्का सोसायचा नाही' म्हटलं की विषय संपला. मीही तेच केलं. अण्णांचा फोन काढून घेतला आणि बिघडलाय म्हणून सांगितलं. मग मन खायला लागलं, म्हणून बुधवारी त्यांना शिरा करून घातला. गुरुवारी ग्रीक योगर्टचं श्रीखंड. शुक्रवारी खीर.

"आज काय सण हाय का रं?" अण्णा विचारायचे.

"नाही, सहज."

"फोन बिघडायच्या आदीपास्नं दत्ताचा फोन न्हाई, आठ दिस झालं. एवढा कवा गप ऱ्हात न्हाई त्यो."

दत्ताकाका म्हणजे पेठेतल्या तालमीच्या संघाचे गोलकीपर. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. काका गोलात आणि अण्णा गोलच्या मागे उभे राहून आरडाओरडा करणार, असे त्या दोघांचे पंधरा मोसम गेले. रोज संध्याकाळी फोनवर दोघं तेच तेच सामने पुन्हा खेळायचे.

शुक्रवारी अण्णा खिडकीशी बसूनच राहिले. जेवले नाहीत. मला वाटलं, यांना घराबाहेर काढलं पाहिजे. शनिवारी तीन वाजता गावच्या संघाची मॅच होती. लीग अशी की त्या लीगच्या खाली फक्त गवत. गोली प्लंबर, सेंटर फॉरवर्ड शाळेत भूगोल शिकवतो. पण फुटबॉल तो फुटबॉल. अडचण एकच होती. कोविडमुळे मोजकीच माणसं आत सोडत, आणि ती क्लबच्या यादीतली.

म्हणून मी कुंपणावरून टॉमला हाक मारली. टॉम आमचा शेजारी, सत्तरीचा, बायको गेलेला. क्लबच्या जर्सी धुणं, जाळ्या बांधणं, दारात नावं लिहिणं, सगळं तोच करायचा.

"यादी भरलीये रे," टॉम म्हणाला. "दोन माणसं म्हणजे अवघड आहे."

इथे मी माती खाल्ली. मी म्हणालो, "टॉम, अण्णांचा भाऊ वारला मंगळवारी. तोही गोलकीपर होता. म्हाताऱ्याचं मन जरा रमेल."

टॉमनं टोपी काढली. मग म्हणाला, "माझ्यावर सोड."

अण्णांना हे माहीत नाही, त्यांच्यासमोर बोलू नकोस, एवढं एक वाक्य मला तिथे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी समजलो, टॉमला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. त्याचे उच्चार तीन वर्षांत मला नीट कळले नाहीत, अण्णांना काय कळणार? पण या देशात माणूस मेल्याची बातमी रोज सकाळी गावच्या रेडिओवर वाचतात. ज्याच्याशी जन्मात बोलले नाहीत त्याच्याही मयताला अख्खं गाव जातं. तीन वर्षं हे बघत होतो मी. बघून काय उपयोग?

शनिवारी आम्ही पोचलो. बोचरा वारा, वर राखाडी आभाळ, मैदानाच्या कडेला पन्नास-साठ माणसं अंतर राखून उभी. अण्णांनी कानटोपी सारखी केली आणि ते घरच्या गोलच्या मागे जाऊन उभे राहिले. सहा महिन्यांत पहिल्यांदा ताठ उभे राहिलेले दिसले. मला बरं वाटलं.

तेवढ्यात एक बाई समोर आल्या. सहा फुटांवर थांबल्या, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सॉरी फॉर युवर ट्रबल." मयताच्या घरच्यांना इथे म्हणतात ते. मान लववून गेल्या. त्यांच्यामागे एक म्हातारा. त्याच्यामागे आणखी दोघं. मी मान वर केली तर पार कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत रांग लागलेली, प्रत्येक दोन माणसांत सहा फूट सोडून. कोविड नसता तर सगळ्यांनी हात हातात घेतला असता.

"कशाबद्दल सॉरी म्हणत्यात रं ही?" अण्णा म्हणाले.

मी म्हणालो, "तुम्ही इथे अडकलात ना, विमान नाही मिळालं, त्याबद्दल."

"विमानासाठी?" अण्णांनी रांगेकडे बघितलं. "त्यो बघ, डोळं पुसतुया."

"हळवी माणसं आहेत."

अण्णा प्रत्येकाला हात जोडून "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिले. "ह्या लोकांची माया बघ. आपल्याकडं शेजारी सुदिक विचारत न्हाई." मी खाली गवताकडे बघत होतो.

मग दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती उभे राहिले. दंडाला काळी चिकटपट्टी. रेफ्रीनं शिट्टी फुंकली आणि सगळं मैदान गप्प झालं. दत्ताकाकांसाठी. आपल्या रंकाळ्याजवळ राहणाऱ्या, इथे कुणी कधी न बघितलेल्या माणसासाठी प्लंबर आणि भूगोलाचे सर मान खाली घालून उभे होते. मला रडू फुटलं. ते मी शिंकेत लपवलं, तर तिघं लांब सरकले.

मिनिट संपल्याची शिट्टी झाल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "कोण गेलं?"

"क्लबचा एक जुना माणूस."

"काय खेळायचा?"

आता बघा, खोटं बोलणाऱ्यानं निदान खोटं तरी लांबचं बोलावं. माझ्या तोंडातून निघालं, "गोलकीपर होता."

"म्हंजे आमच्या दत्तागत," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

हाफटाइमपर्यंत आमचा संघ दोन गोलांनी मागे होता, पण अण्णांचं लक्ष खेळात नव्हतं. ते म्हणाले, "अजित, मयताच्या घरचं कोण आलंय का हितं?"

"कशाला?"

"कशाला म्हंजे? त्यांनी माझ्या विमानाची एवढी हळहळ केली. त्यांच्या घरात माणूस गेलाय आन आपण मॅच बघून तसंच जायचं? भेटून येतो."

"नसतील आले कुणी."

"गोलीच्या नावानं मिनिट पाळलं आन घरचं कोण न्हाई? असं कुठं असतंय? इचार कुणाला तरी."

घरची माणसं म्हणजे हेच, आणि हेच घरच्या माणसांना शोधताहेत. लांब दुसऱ्या टोकाला लाल जॅकेट घातलेला एक माणूस एकटाच उभा होता. पाहुण्या संघाबरोबर आलेला असावा. चेहरा उतरलेला. मी बोट केलं. "तो त्याचा मुलगा."

मला वाटलं, एवढं चालून कोण जातंय. अण्णा चालायला लागले.

मी मागून धावलो, पण पोचेपर्यंत अण्णा त्याच्यासमोर उभे होते, डोळ्यांत पाणी, हात जोडलेले. "व्हेरी सॉरी. युवर फादर. व्हेरी गुड गोलकीपर."

तो माणूस पांढरा पडला. "माझे वडील?" म्हणाला. "काय झालं? तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्याचे वडील शहाऐंशी वर्षांचे, वॉटरफोर्डकडे एका वृद्धाश्रमात होते, आणि मार्चपासून त्यानं त्यांना फक्त खिडकीच्या काचेतून बघितलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी दिसलं ते एवढंच, की त्यानं घाईघाईनं खिशातून फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला. तिसऱ्यांदा कुणी तरी उचलला. तो ऐकत राहिला आणि मग तिथेच ओल्या गवतात बसला.

"ग्रँड आहेत म्हणे," तो स्वतःशीच म्हणाला. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत. "चहा पिताहेत. बिस्किटं मऊ आहेत म्हणून भांडताहेत." आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला. इतका वाईट मी आयुष्यात कधी वागलो नव्हतो, आणि अजून मॅचचा अर्धा भाग बाकी होता.

हा गोंधळ बघून टॉम धापा टाकत आला. त्या माणसानं गवतातूनच विचारलं, "या गृहस्थांना कुणी सांगितलं माझे वडील गेले म्हणून?"

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं.

"नाही, नाही," टॉम म्हणाला. आणि या वेळी, काय माझं नशीब, तो अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा बोलला. "गेलेत ते यांचे भाऊ. इंडियात. मंगळवारी. मिनिट त्यांच्यासाठी पाळलं आपण."

अण्णांना इंग्रजी बोलता बेताचं येतं. पण ते तीस वर्षं पोस्टात तारा वाटत होते. 'ब्रदर' आणि 'डेड' हे शब्द त्यांच्या हातून हजारदा गेले होते.

ते माझ्याकडे वळले. "दत्ता?"

मी मान डोलावली.

अण्णा खाली कोसळतील म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला केला. मैदानाच्या कडेला एक बाक होतं, त्यावर जाऊन बसले. दुसरा हाफ सुरू झाला होता. मग म्हणाले, "मंगळवारी गेला. बुधवारी तू मला शिरा घातलास."

"अण्णा, आत्या म्हणाली..."

"बेस्तरवारी श्रीखंड. काल मी दाढी केली. भावाच्या सुतकात मी गुळगुळीत दाढी करून खीर खाल्ली." खरं तर खीर त्यांनी खाल्ली नव्हती, पण ते सांगायची वेळ नव्हती.

"तुमच्या तब्येतीला..."

"तीस वर्षं लोकांच्या दारात मयताच्या तारा दिल्या मी," अण्णा म्हणाले. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "पोटुशी बाई दारात आली तरी दिली. म्हातारी आली तरी दिली. दिली, आन ती रडायची थांबस्तवर उंबऱ्यात बसलो. एकबी तार खिशात ठिवली न्हाई. माझी तार तू चार दिस खिशात घिऊन हिंडलास."

अण्णांनी मैदानाकडे हात केला.

"ह्या सगळ्या गावाला ठावं. त्या शिट्टीवाल्याला ठावं. दत्ता गेल्याचं रेफ्रीला कळलं, भावाला न्हाई."

टॉम बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. अण्णा रडले तेव्हा मैदानाकडे बघत राहिला, आणि मॅच संपून सगळे गेले तरी उठला नाही. लाल जॅकेटवाला निघताना अण्णांपाशी थांबला, छातीवर हात ठेवून जे म्हणायचं ते म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. बरोबरच केलं. मी दहा पावलांवर उभा होतो, आणि त्या बाकावर मला जागा आहे असं मला वाटलं नाही. काका माझेही होते, पण त्यांच्यासाठी रडायचा हक्क मी शिंकेत घालवून बसलो होतो.

अण्णांना काही झालं नाही. छाती ठणठणीत. त्यांनी उरलेलं सुतक पाळलं, दहाव्याला मागच्या अंगणात पान ठेवलं. आयर्लंडचे कावळे वेळेवर आले.

पुढच्या वर्षी अण्णा कोल्हापूरला परत गेले. माझ्याशी बोलतात, राग धरलेला नाही. दर रविवारी फोन करतात. मी म्हणतो, "अण्णा, सगळं ग्रँड आहे. स्वाती बरी, मी बरा."

मग ते म्हणतात, "बरं. आता टॉमला फोन दे."

आणि मी पावसात कुंपणापाशी जाऊन उभा राहतो, टॉमला हाक मारतो, फोन त्याच्या हातात देतो. माझ्या घरात सगळं ठीक आहे की नाही, ते टॉम एकेक शब्द सुटा करून माझ्या बापाला सांगतो. तेव्हा कुठे त्यांना झोप लागते.