उसवबाई

बाई विणकाम डोळ्यांनी तपासत नसत. स्वेटर हातात आला की त्या नजर खिडकीबाहेर लावायच्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट विणीवरून खालून वर सरकवत न्यायच्या. बोट कुठं थांबलं की आम्ही बायका सुया खाली ठेवायचो. मग बाई सुई काढायच्या, लोकरीचं टोक धरायच्या आणि ओढायच्या. आठवड्याचं काम बघता बघता कुरळ्या दोऱ्याचा ढीग होऊन पायाशी पडायचं. "थंडीला एवढंच भोक पुरतं," एवढं म्हणून त्या पुढचीकडं हात करायच्या.

मलकापुरात त्यांना सगळे पाठीमागं उसवबाई म्हणत. तोंडावर अर्थातच नुसतं बाई. त्या मूळच्या सांगलीकडच्या, जैन घरातल्या. तरुणपणीच नवरा गेला, मग शाळेत मास्तरीण झाल्या, आणि पेन्शनीत निघाल्यावर आमच्या गावात एक खोली घेऊन राहिल्या. लढाईच्या वर्षांत समाजमंदिरातलं हिवाळी काम त्यांनी अंगावर घेतलं. दिवाळी सरली की सुरू, शिमग्याला बंद. सकाळी पोरांना आणि म्हाताऱ्यांना हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं, ज्याच्याकडं पांघरूण नाही त्याला घोंगडं, आणि दुपारी आम्हा बायकांकडून फौजेसाठी स्वेटर. लोकर सरकारी, खाकी, साताऱ्याहून गठ्ठ्यानं यायची. दिवस मावळायच्या आत बाईंना जेवून घ्यायचं असे, त्यामुळं चारच्या पुढं कुणाला बसू देत नसत. कुणी बोलण्यात रंगलीच तर "माझा सूर्य तुझ्यासाठी थांबणार नाही," म्हणून तिच्या खालची चटई गुंडाळायला लागायच्या.

माडग्याची वेळ उन्हावर ठरलेली होती. ऊन समाजमंदिराच्या तिसऱ्या पायरीवर आलं की वाटप बंद. त्यानंतर आलेलं पोर कुडकुडत हातात पेला धरून उभं राहिलं तरी बाई त्याच्या डोळ्यांदेखत भांडं उचलायच्या आणि उरलेलं माडगं शेजारच्या म्हशीच्या घमेल्यात ओतायच्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, उरलंय की. द्या ना त्याला."

"उरलंय ते वेळेवर आलेल्यांचं," त्या म्हणाल्या. "त्यांनी सोडलं म्हणून उरलं. म्हशीला दिलं तर उद्या म्हैस उशिरा येणार नाही."

ते पोर दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आधी येऊन पायरीवर बसलं, हेही खरं. बाईंचं सगळं असंच होतं. वागणं बघून तळपायाची आग मस्तकात जायची आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर त्यांचंच खरं झालेलं असायचं. त्याचा राग जास्त यायचा.

घोंगड्याचाही नियम होता. ज्याला गेल्या वर्षी मिळालं त्यानं ते आणून दाखवायचं, फाटलेलं असलं तरच नवीन. एका वर्षी म्हादूतात्या अर्धंच घोंगडं घेऊन आला. म्हातारा सत्तरीचा, पायात वहाण नाही. बाईंनी विचारलं, बाकीचं कुठाय. तात्या खाली बघत म्हणाला, "आर्धं म्हातारीच्या अंगावर घातलं, बाई. जाताना लय गारठली हुती. तसंच जाळलं."

सगळ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या बेतात होत्या. बाईंनी फडताळातून नवं घोंगडं काढलं, जमिनीवर पसरलं, कात्री मागवली आणि मधोमध कापलं. अर्धं तात्याच्या खांद्यावर टाकलं आणि अर्धं घडी करून परत फडताळात ठेवलं. "अर्धं आणलंस, अर्धं मिळेल."

तात्यानं घरी जाऊन दोन्ही अर्धी सुतळीनं एकत्र शिवली आणि तेच पांघरून तो चावडीवर बसू लागला. माणसं त्याला हसायची. "तात्या, पुढनं नवा दिसतूस, मागनं जुनाच हैस रं." तोही हसायचा. मला मात्र ती शिवण बघवत नसे.

आता खरं सांगते, मला बाई आवडायच्या. आई नसलेली मी, विसाव्या वर्षी सून होऊन या गावात आले. सासरी माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी नव्हतं. मी नुसती "अगं" होते. बाई मला शांता म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझी बोटं हातात धरून सुईवर टाके घालायला शिकवलं. त्यांचे हात हिवाळ्यातही गरम असत. सहा वेळा चुकले, सहा वेळा त्यांनी उसवलं, आणि सातव्या वेळी बोट फिरवून नुसतं "हं" म्हणाल्या. त्या "हं"साठी आम्ही काय काय केलं ते आज सांगायला लाज वाटते. सांगणार आहे मात्र.

माझ्या शेजारी सोनाक्का बसायची. चाळिशी ओलांडलेली विधवा, एकुलता एक मुलगा यशवंता फौजेत, इटालीच्या लढाईवर. तिकडं बर्फ पडतो हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती झपाटल्यासारखी विणत होती. बर्फ तिनं कधी पाहिला नव्हता, मीही नव्हता. "बरफ म्हंजी काय असंल गं?" ती विचारायची, आणि मी म्हणायची, "दवासारखं असेल, जास्त जाड."

एका दुपारी तिनं चोरून मला तिच्या स्वेटरची खालची कड उलटी करून दाखवली. आतल्या बाजूनं, पहिल्याच ओळीत, खाकी लोकरीबरोबर एक तांबडा दोरा विणत नेला होता. बाहेरून काही दिसत नव्हतं.

"धन्याच्या पटक्याचा दोरा हाय," ती पुटपुटली. "यसवंता ल्हान आस्ताना त्येच पटक्याचं ट्वाक धरून हिंडायचा. कड उलटी केली की वळकंल, आईनं इनलंय म्हून. कुनाला सांगू नगंस."

आमच्या गावचा गठ्ठा आमच्याच गावच्या पोरांना मिळतो अशी तिची समजूत होती. तिची चूक नव्हती. रजेवर आलेल्या शिपायाबरोबर आम्ही लोणच्याच्या बरण्या पाठवायचो, फडक्याला गाठ मारून खूण करायचो, आणि ज्याची बरणी त्यालाच पोचायची. स्वेटरचंही तसंच असणार. गठ्ठा साताऱ्याला जातो, तिथं हजारांत मिसळतो आणि मग देवाला ठाऊक कुठं जातो, हे मला माहीत होतं. तरी मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, कशाला जीव दुखवा.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी माझी अख्खी बाही उसवली. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शांता, हा स्वेटर आहे की मासे धरायचं जाळं?" बायका फिदीफिदी हसल्या. माझे कान तापले. बाईंची नजर माझ्यावरून हटेना. आणि ती हटावी म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, मी म्हणाले, "माझं नुसतं जाळं आहे, बाई. सोनाक्काच्या कडेला तर तांबडा दोरा आहे."

हसणं थांबलं. बाईंनी हात पुढं केला. सोनाक्कानं स्वेटर दिला. तो पुरा झाला होता, शिवूनसुद्धा. बाईंनी कड उलटली, दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"धन्याच्या पटक्याचा हाय, बाई. पोरगं वळकंल म्हून."

"हा तुझ्या पोराला मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "मिळाला तर दुसऱ्या कुणाच्या पोराला मिळेल. त्याला तुझ्या नवऱ्याचा पटका काय करायचाय?"

सोनाक्कानं स्वेटरची बाही धरली. मग कसंबसं म्हणाली, "नुसता दोरा वडून घ्या की, बाई. आतनं हाय त्यो. उसवू नगा."

"ओढला तर पहिली ओळ ढिली पडेल. कंबरेतून गार वारा शिरेल." आणि बाईंनी खांद्याची शिवण कात्रीनं मोकळी केली. कड सगळ्यांत खाली होती, म्हणजे गळ्यापासून सगळंच उसवायला हवं होतं. तीन आठवड्यांचं काम ओळीओळीनं खाली येत होतं आणि शेवटी तांबडा दोरा निघाला. बाईंनी तो वेगळा काढून सोनाक्काच्या ओंजळीत ठेवला. "हा तुझा. लोकर सरकारची."

सोनाक्का रडली नाही. दोरा कनवटीला लावला आणि त्याच बैठकीत पुन्हा टाके घातले. पंधरवड्यात स्वेटर परत उभा केला. बाईंचं बोट खालून वर गेलं, कुठंही थांबलं नाही. "हं," त्या म्हणाल्या, आणि स्वेटर गठ्ठ्यात गेला. माझ्याशी सोनाक्का आधीसारखीच बोलत राहिली, त्यामुळं मला वाटलं, तिनं मनावर घेतलं नाही. सोयीचं तेच आपल्याला वाटतं.

पौषात तार आली. यशवंता गेला. कसा गेला, गोळीनं की थंडीनं, ते तारेत नव्हतं.

बाराव्या दिवसानंतर सोनाक्का समाजमंदिरात आली ती थेट गठ्ठ्यापाशी. सरकारी गाडी त्या महिन्यात आलीच नव्हती, चाळीसेक स्वेटर तसेच कोपऱ्यात बांधून पडले होते. "बाई," ती म्हणाली, "मी इनल्याला स्वेटर मला परत द्या. त्येच्यासाठी इनला हुता. तुमची लोकर मी कुटनंबी आनून भरीन."

आम्ही सगळ्या बाईंकडं बघत होतो. या वेळी तरी, असं प्रत्येकीच्या मनात होतं. बाई उठल्या, गठ्ठ्याची दोरी सोडली आणि स्वेटर चटईवर ओतले.

"तुझा ओळख," त्या म्हणाल्या, "आणि घेऊन जा."

सोनाक्का खाली बसली. एकेक स्वेटर उचलायची, कड उलटायची, नाकाशी धरायची, बाजूला ठेवायची. खाकी, सारख्या मापाचे, सारख्या विणीचे. एकाही टाक्यात फरक नाही. कुणाचा हात सैल होता, कुणाचा घट्ट, ते सगळं बाईंनी उसवून उसवून एक करून टाकलं होतं. आमच्या कामाचं कौतुक साताऱ्यापर्यंत व्हायचं ते यासाठीच. पहिल्यांदा बघून झाले, तिनं पुन्हा सुरुवातीपासून बघितले. बाई उभ्या होत्या. त्यांनी घाई केली नाही, आणि मदतही केली नाही.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा सोनाक्कानं सगळे स्वेटर एकावर एक घडी करून ठेवले. "वळकंना, बाई," ती म्हणाली. बाईंनी गठ्ठा बांधला आणि जेवायला निघून गेल्या.

त्या दिवशी मी बाईंचा मनापासून द्वेष केला. त्यांचा करणं सोपं होतं.

सोनाक्का यायची थांबेल असं वाटलं होतं. ती दुसऱ्या दिवशी आली, आणि लढाई संपेपर्यंत येत राहिली. तिच्या विणीवर बाईंचं बोट पुन्हा कधी थांबलं नाही. लढाईनंतर फौजेची लोकर बंद झाली तरी समाजमंदिर चालू राहिलं; आता शाळेतल्या पोरांसाठी विणायचं होतं, रंगीत लोकर होती. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तपासायला त्यांना डोळे लागत नव्हतेच, पण हात थरथरू लागले. तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "उद्यापासून सोनाक्का बघेल. तिचं बोट माझ्यापेक्षा चांगलं आहे."  दुसऱ्या दिवशी सोनाक्का खिडकीपाशी, बाईंच्या जागेवर जाऊन बसली.

बाईंच्या शेवटच्या हिवाळ्यात त्या आमच्यात बसून एका लहान पोराचा स्वेटर विणत होत्या. पंधरा दिवस चाललं होतं, वीतभर झाला होता. एका दुपारी त्यांनी तो सुईसकट सोनाक्कापुढं धरला. सोनाक्कानं नजर खिडकीबाहेर लावली आणि बोट खालून वर नेलं. सुईच्या खाली, चौथ्या ओळीत, ते थांबलं. एक टाका गळाला होता. मलाही दिसला.

तिनं सुई काढली आणि ओढायला लागली. एक ओळ, दोन, तीन, चार. गळालेला टाका निघून गेला. ती थांबली नाही. लोकर सरसर येत होती, आणि त्या आवाजाकडं बाईंनी मान कलती केली होती. सगळ्या बायकांचे हात थांबले. मी सोनाक्काच्या अगदी शेजारी होते. "अगं, पुरे," एवढं म्हणायला काय लागत होतं? मी गप्प बसले. शेवटचा टाका सुटला तेव्हा सोनाक्कानं लोकरीचा ढीग बाईंच्या मांडीवर ठेवला.

"किती राहिलं?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई ऱ्हायलं."

"हं," बाई म्हणाल्या, आणि लोकरीचा गुंडा करायला लागल्या.

त्यांना घरी पोचवायचं काम माझं असे. त्या दिवशी त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून निम्म्या रस्त्यापर्यंत आल्या. मग म्हणाल्या, "चूक वरच्या चार ओळींत होती ना, शांता?"

"हो, बाई."

"तुला दिसली होती."

"हो."

"तिनं केलं ते बरोबर केलं. तिचा हक्क होता." पावलं मोजत त्या चालत होत्या. "पण तू का बोलली नाहीस? तांबड्या दोऱ्याच्या वेळी तर तुला जीभ होती."

 गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. मी पुढं झाले तर म्हणाल्या, "नको, जाईन मी," आणि भिंत चाचपत एकट्याच निघाल्या. नेहमीची जेवणाची घाई असेल असं मी मनाशी म्हटलं. पण ऊन अजून बरंच वर होतं.